चित्रं नवऱ्याची गाजली, पण त्या चित्रांतलं घर कारिननं विणलं होतं

२०२० च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं दुकान उघडलं. काही घ्यायचं नसलं तरी नुसतं बघायला म्हणून माणसं तिथं जायला लागली. फिकट रंगाचं लाकूड, पांढऱ्या भिंती, खिडकीला हलके पडदे, पट्ट्यापट्ट्यांचं साधं कापड आणि मध्येच एखादी लालभडक खुर्ची. स्वीडनमधलं घर म्हटलं की आता जगभर हेच चित्र डोळ्यासमोर येतं.

पण स्वीडनमधली घरं पूर्वीपासून अशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या खात्यापित्या घरातला दिवाणखाना चांगलाच काळोखा असायचा. गडद रंगाचं जड फर्निचर, मखमली पडदे, त्यांना गोंडे, कोपऱ्याकोपऱ्यात शोभेच्या वस्तू. आधीच त्या देशातला हिवाळा लांबलचक, दिवस चार-सहा तासांचा, त्यात खिडक्यांवर मखमल.

हे चित्र पालटायला ज्या मोजक्या गोष्टी कारणीभूत झाल्या, त्यात सुंडबोर्न नावाच्या खेड्यातल्या एका लाकडी घराचं नाव डिझाइनचे अभ्यासक आवर्जून घेतात. ते घर जगाला माहीत झालं कार्ल लार्सन या चित्रकारामुळे. त्यानं आपल्या घराची, बायकोची आणि मुलांची जलरंगातली चित्रं काढली आणि ती घराघरांत पोचली. पण त्या चित्रांत जे पडदे आहेत, टेबलावर जे कापड आहे, मुलांच्या अंगावर जे कपडे आहेत, ते त्यानं कल्पनेतून काढलेले नव्हते. ते त्याच्या बायकोनं केले होते. तिचं नाव कारिन लार्सन.

कारिनचा जन्म ३ ऑक्टोबर १८५९ चा, स्वीडनमधल्या ओरेब्रो गावचा. माहेरचं आडनाव बेर्यो. वडील आडोल्फ हे व्यापारी. हाल्सबेरी या रेल्वेच्या जंक्शनच्या गावी त्यांनी दुकान वाढवलं, पैसा केला. घरात शिक्षणाचं कौतुक होतं. मुलीचा हात चित्रात चांगला आहे हे दिसल्यावर तिला स्टॉकहोमला पाठवलं गेलं. आधी ती तिथल्या हस्तकला शाळेत शिकली आणि १८७७ साली रॉयल अकॅडमीत दाखल झाली.

या अकॅडमीनं मुलींना प्रवेश द्यायला १८६४ साली सुरुवात केली होती. म्हणजे कारिन शिकायला गेली तेव्हा मुलींचं तिथं असणं जेमतेम तेरा वर्षं जुनं होतं. चित्रकलेची राजधानी समजल्या जाणाऱ्या पॅरिसमध्ये तर सरकारी कलाशाळेचं दार बायकांसाठी १८९७ पर्यंत बंदच होतं. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या चित्रकर्त्या मुली तिथल्या खासगी शाळांत शिकायच्या. कारिननंही पाच वर्षं अकॅडमीत काढून पॅरिस गाठलं आणि कोलारोसी नावाच्या अशाच एका शाळेत नाव घातलं.

पॅरिसच्या दक्षिणेला, ल्वँ नदीच्या काठी ग्रे नावाचं खेडं आहे. तिथं राहणं स्वस्त, उजेड सुंदर, म्हणून युरोपच्या उत्तरेकडच्या देशांतले चित्रकार तिथं मुक्काम ठोकायचे. १८८२ साली कारिन तिथं गेली आणि तिथंच तिची कार्लशी गाठ पडली.

या दोघांच्या लहानपणात जमीनअस्मानाचा फरक होता. कार्ल स्टॉकहोमच्या जुन्या वस्तीतल्या अत्यंत गरीब घरातला. आई लोकांचे कपडे धुऊन पोरं जगवायची. बाप घरात असून नसल्यासारखा, आणि असला की कडू बोलणारा. मायेनं भरलेलं घर कसं असतं हे कार्लनं पाहिलेलंच नव्हतं. पॅरिसला येऊनही त्याचं बस्तान बसत नव्हतं. ग्रेला आल्यावर त्यानं तैलरंग बाजूला ठेवून जलरंग हातात घेतले आणि तिथून त्याचं चित्र सुधारलं. १२ जून १८८३ रोजी दोघांचं लग्न झालं. तो तीस वर्षांचा, ती तेवीस.

१८८४ च्या ऑगस्टमध्ये पहिली मुलगी सुझान झाली. आणि याच सुमारास कारिननं चित्रं काढणं जवळजवळ थांबवलं.

इथं आजच्या वाचकाला ठेच लागते, आणि लागायलाच हवी. अकॅडमीत शिकलेली, पॅरिसला जाऊन आलेली बाई लग्न होताच ब्रश खाली ठेवते, आणि नवरा मात्र पुढं देशातला सगळ्यात लाडका चित्रकार होतो. काही अभ्यासकांना यात सरळसरळ त्याग दिसतो. त्या काळात अशा कितीतरी चित्रकर्त्या संसारात हरवल्या, त्यातलीच ही एक. दुसऱ्यांचं म्हणणं असं की तिनं कला सोडली नाही, फक्त माध्यम बदललं. खरं पाहता या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. तैलचित्र सोडणं ही तिची हानी होतीच. पण पुढच्या पंचवीस वर्षांत तिनं धाग्यात जे केलं ते रिकाम्या वेळचं विरंगुळ्याचं काम नव्हतं, हे तिची कापडं पाहिल्यावर मान्य करावंच लागतं.

१८८८ साली कारिनच्या वडिलांनी लेकीला आणि जावयाला एक घर दिलं. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात फालून नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव आहे. तिथून जवळच, सुंडबोर्न गावात नदीच्या वळणावरचं हे ओंडक्यांचं छोटं घर. नाव लिला हित्नेस. यातल्या लिला या शब्दाचा अर्थच मुळी लहान. बेर्यो घराण्याच्या नात्यातल्या वृद्ध बायका तिथं राहायच्या, त्यांच्या मागं ते रिकामं झालं होतं.

सुरुवातीला लार्सन मंडळी फक्त उन्हाळ्यात तिथं यायची. मुलं वाढत गेली तशा खोल्या वाढत गेल्या. सुझाननंतर उल्फ, पोन्टुस, लिस्बेट, ब्रिता, मात्स, शेर्स्ती आणि १९०० साली एस्ब्यर्न. सोळा वर्षांत आठ बाळंतपणं. १९०१ पासून सगळे तिथंच कायमचे राहायला आले.

पैसा बेताचा होता, त्यामुळे फर्निचर जुनं, लिलावातून उचललेलं. ते घासूनपुसून लाल किंवा हिरव्या रंगात रंगवायचं आणि त्यावर कारिननं केलेली बैठक चढवायची, असा शिरस्ता पडला. जेवणाच्या खोलीत लाल आणि हिरवा हे दोन रंग शेजारी शेजारी ठेवण्याचं धाडस त्या काळी कुणी सभ्य घरात करत नसे. खिडक्यांवरचे जड पडदे गेले. वरच्या अंगाला कापडाची एक आखूड झालर, खाली कुंड्या आणि मध्ये सगळा उजेड.

कारिनचा माग ज्या खोलीत होता ती मुळात कार्लची चित्रशाळा. एकोणिसावं शतक संपता संपता त्यानं स्वतःसाठी मोठी चित्रशाळा बांधली आणि जुनी खोली घराला मिळाली. तिथं माग आला. मुलं तिथंच खेळायची, मोठ्या मुली तिथंच शिवायला शिकायच्या, आणि कारिन तिथंच विणायची. वेगळी खोली, बंद दार, कुणी त्रास द्यायचा नाही, असली चैन तिच्या वाट्याला कधी आली नाही.

तिच्या विणकामाची कल्पना यायची तर पैठणीचा पदर आठवावा. पदरावरचा मोर नंतर भरलेला नसतो. वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे त्या त्या जागेपुरतेच फिरवून तो मागावरच उमटवला जातो. युरोपात लोकरीत याच तत्त्वावर भिंतीवर लावायची चित्रं विणायची परंपरा आहे, तिला टॅपेस्ट्री म्हणतात. कारिन हे तंत्र वापरायची, पण राजे-रजवाडे आणि शिकारीचे देखावे विणायची नाही. तिची नक्षी अगदी सपाट, ठसठशीत. एखादं फूल घ्यायचं आणि त्याचा आकार इतका सोपा करत न्यायचा की शेवटी फक्त गोल, रेघ आणि रंग उरावा.

जेवणाच्या खोलीत बाकाच्या वरच्या भिंतीसाठी तिनं चार महाभूतं विणली. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू. नाव ऐकून देवदेवता डोळ्यासमोर येतील, पण तिथं आहेत ती खुणांसारखी चिन्हं. १९०३ च्या आसपासचं हे काम आजही जुनं वाटत नाही. अमूर्त चित्रकला युरोपात अजून नीट जन्मायची होती आणि एका खेड्यात, सात मुलांच्या पंगतीच्या मागच्या भिंतीवर ती लटकत होती. तिच्या खाली रोज सूप सांडत होतं.

दुसरं नावाजलेलं काम म्हणजे प्रेमाचा गुलाब नावाचा दारपडदा. कार्लची झोपायची खोली आणि कारिन नि मुलींची खोली, या दोन्हींच्या मधल्या दारासाठी तिनं तो केला. दोन खोल्यांमध्ये लाकडी दाराऐवजी तलम कापड, आणि त्यावर एक गुलाब. नवरा-बायकोच्या नात्याबद्दल तिला काय म्हणायचं होतं ते तिनं कागदावर लिहिलं नाही, दारात टांगलं.

बाकीचं काम मोजायला घेतलं तर संपत नाही. उशांचे अभ्रे, लिननचे टेबलक्लॉथ, पलंगाभोवतीचे पडदे, क्रोशाच्या जाळ्या, बैठकीच्या गाद्या. त्यात स्वीडिश खेड्यांतलं पारंपरिक भरतकाम आहे, इंग्लंडमध्ये तेव्हा जोरात असलेल्या हस्तकला चळवळीचा वास आहे, आणि जपानी छापचित्रांचा साधेपणाही आहे. पॅरिसला शिकत असताना जपानी चित्रांची लाट तिथं भरात होती. कारिननं ती डोळ्यांत साठवली आणि वीस वर्षांनी सुंडबोर्नच्या मागावर काढली.

कपड्यांचंही तसंच. त्या काळी बायकांची कंबर घट्ट आवळून बांधायची पद्धत होती. तिच्याविरुद्ध स्वीडनमध्ये १८८६ साली वेशसुधारणेसाठी बायकांची संघटनाच उभी राहिली. कारिननं भाषणं केली नाहीत. तिनं स्वतःसाठी सैल, खांद्यावरून सरळ खाली येणारे झगे शिवले. आठ बाळंतपणांत तेच सोयीचे होते हे उघड आहे. वरून घालायचा पट्ट्यापट्ट्यांचा मोठा एप्रनही तिनं बेतला. गावातल्या बायकांनी तो उचलला आणि कारिनचा एप्रन याच नावानं तो ओळखला जाऊ लागला. पोरांना झाडावर चढता येईल, नदीत उतरता येईल असे कपडे ती शिवायची.

एवढं सगळं एका बाईनं कसं केलं, असा प्रश्न कुठल्याही घर चालवणाऱ्या माणसाला पडेल. उत्तर साधं आहे. घरात कामाला बायका होत्या. स्वयंपाक, धुणी, मुलांचं आवरणं, यात त्यांचे हात होते आणि कार्लच्या चित्रांत त्या दिसतातही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण हसत हसत सगळं एकटीनं करणारी आदर्श गृहिणी अशी कारिनची जी मूर्ती नंतर उभी केली गेली, तिच्याशी तुलना करून कित्येक बायकांनी उगाच स्वतःला दोष दिला असेल.

गावाला मात्र हे घर विचित्रच वाटायचं. कारिन फर्निचरचेही आराखडे काढायची आणि गावातल्या सुताराकडून ते करून घ्यायची. १९०६ मध्ये तिनं एक झुलती खुर्ची बेतली. ना नक्षी, ना वळणं, ना गोंडे. सरळ पट्ट्या आणि चौकोन. सांगतात की सुताराला आपण असलं काही बनवलं याची इतकी लाज वाटली, की त्यानं ती खुर्ची अंधार पडल्यावर घरी पोचवली, कुणी पाहू नये म्हणून. आज तीच खुर्ची डिझाइनच्या पुस्तकांत छापली जाते.

आता चित्रांकडे वळू. कार्लनं नंतर स्वतः सांगितलेली हकिकत अशी की एका उन्हाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. बाहेर जाऊन चित्रं काढता येईनात, म्हणून तो घरात चिडचिड करत बसला. तेव्हा घरातल्या खोल्यांचीच चित्रं काढ असं कारिननं सुचवलं. १८९४ च्या आसपासची ही गोष्ट. त्यातून जी जलरंगातली मालिका झाली ती १८९७ च्या स्टॉकहोमच्या मोठ्या प्रदर्शनात लागली आणि १८९९ मध्ये पुस्तकरूपानं आली. पुस्तकाचं नाव एवढंच, एक घर.

पुस्तक चाललं. पुढं १९०९ मध्ये जर्मनीत अशाच चित्रांचा स्वस्त संग्रह निघाला तेव्हा तीन महिन्यांत त्याच्या चाळीस हजार प्रती खपल्या. इंटिरिअर हा शब्दही ज्यांनी ऐकला नव्हता अशा लोकांनी ती चित्रं बघून घरातले जड पडदे उतरवले. कार्लचा हेतूही तोच होता. आपल्या घरासारखं घर लोकांनी करावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण ज्या घराचं अनुकरण करायचं ते निम्म्याहून अधिक कुणी घडवलं, हे वाचणाऱ्याला चित्रांतून कळत नव्हतं. चित्राखाली सही एकाची असते. टेबलक्लॉथवर कुणी सही करत नाही.

त्या चित्रांत कारिन पुष्कळदा आहे, पण मुलाला कडेवर घेऊन, पाठमोरी, किंवा शिवण हातात घेऊन. १९०६ च्या अझेलिया या चित्रात समोर फुललेलं झाड आहे, त्यामागं कारिन उभी आहे आणि खोलीत तिचा माग आहे, मागावर अर्धवट विणलेलं कापड आहे. बघणाऱ्याची नजर आधी फुलांवर जाते. मागावरचं ते कापड म्हणजे चित्रातलं दुसरं चित्र आहे, हे लक्षात यायला वेळ लागतो.

चित्रं पुरी होताना कारिनचा डोळा त्यावरून फिरायचाच. कुठला रंग चुकला, कुठली आकृती जड झाली, हे तिनं सांगायचं आणि कार्लनं ऐकायचं. अकॅडमीतलं शिक्षण असं घरच्या घरी वसूल होत होतं.

आणि चित्रांत जे दिसत नाही तेही या घरात होतंच. मात्स जेमतेम दोन महिन्यांचा होऊन गेला. सगळ्यात मोठा मुलगा उल्फ १९०५ मध्ये अठराव्या वर्षी आजारपणात गेला. कार्लला लहानपणापासून ग्रासणारी उदासी पुन्हा पुन्हा यायची आणि तशा दिवसांत घर सांभाळणं, मुलांना सांभाळणं आणि त्यालाही सांभाळणं हे कारिनवर पडायचं. त्यातही माग चालू राहिला. अझेलियाचं चित्र उल्फ गेल्याच्या दुसऱ्याच वर्षीचं आहे, हे एकदा कळलं की त्यातली तिची शांत मुद्रा वेगळी दिसायला लागते.

कार्लची शेवटची वर्षं कडवट गेली. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी त्यानं खपून केलेलं एक प्रचंड भित्तिचित्र १९१६ मध्ये नाकारण्यात आलं. तो घाव त्याच्या मनातून गेला नाही. २२ जानेवारी १९१९ ला फालूनमध्ये तो वारला. कारिन त्याच्यामागं नऊ वर्षं जगली आणि १८ फेब्रुवारी १९२८ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, सुंडबोर्नला गेली.

तिच्यानंतर तिचं नाव मागं पडलं त्याला कारण आहे. चित्र भिंतीवर राहतं, संग्रहालयात जातं, त्याला काच बसते. अभ्र्यावर लोक डोकं ठेवतात. टेबलक्लॉथ धुतला जातो, उन्हात वाळतो, विटतो, फाटतो आणि मग त्याचं पुसणं होतं. आपल्याकडे आजीच्या गोधड्यांचं झालं तेच. चांगली केलेली गोधडी रोज अंगावर घेतली जाते आणि म्हणूनच ती उरत नाही. कारिननं जे केलं ते वापरण्यासाठीच केलं होतं, आणि घरच्यांनी ते वापरलं.

तरी तिचं नशीब इतर अनेकींपेक्षा बरं. तिच्या मुलांनी घर विकलं नाही, वाटून घेतलं नाही, खोल्या होत्या तशाच ठेवायचं ठरवलं. पुढच्या पिढ्यांनी मिळून घर सांभाळलं आणि लोकांना बघायला खुलं केलं. कापडं जागच्या जागी राहिली, म्हणून अभ्यासकांना नंतर ती एकेक करून बघता आली आणि चित्रातल्या वस्तूशी ताडून पाहता आली. तेव्हा कुठं हिशेब लागायला लागला.

१९९७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या घराचं मोठं प्रदर्शन भरलं. स्वीडिश शैली घडवणारे म्हणून त्याच्या शीर्षकात दोन नावं होती, कार्ल आणि कारिन लार्सन. चित्रांच्या बरोबरीनं तिथं तिची कापडंही मांडली होती.

लिला हित्नेस अजून सुंडबोर्नलाच आहे. फालूनच्या खाणीतून निघणाऱ्या लाल मातीच्या रंगानं रंगवलेलं, नदीच्या वळणावर. दरवर्षी माणसं येतात, गटागटानं खोल्यांतून फिरतात. चित्रांत पाहिलेलं टेबल ओळखतात, बाक ओळखतात. जुन्या चित्रशाळेत पोचल्यावर मात्र थोडं जास्त थांबतात, कारण माग होता तो तिथं.